घर क्रमांक सतराबद्दलची एक ओळ

मी, बोहुस्लाव पेखाचेक, वय वर्षे चौऱ्याऐंशी, निवृत्त शिक्षक आणि १९५२ पासून या गावची अधिकृत बखर लिहिणारा बखरकार, राहणार ओल्शोव्का, घर क्रमांक ३१, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत. मृत्युपत्र 'स्वखुशीने' केले असे लिहायची रीत आहे. तो शब्द मी एकदा खोटा वापरला, म्हणून इथे लिहीत नाही.

१. शिडी शेजारी यिंद्रिख स्काला यांना. एकोणीस वर्षे त्यांच्याकडेच आहे, तेव्हा आणायला यायचे कष्ट नकोत. जंगलात अळंबी कुठे उगवतात ते मात्र त्यांना कळू देऊ नये. एकदा ते झाडांआडून माझा माग काढत आले होते. मी पाहिले होते. ती जागा सरपंच लुड्मिला कोपेच्कोवा यांना बंद पाकिटात मिळेल.

२. मी काढलेला गावाचा नकाशा शाळेला. वरचे टोक, खालचे टोक, मधे तळे, आणि शहात्तर शेतांची नावे: वांझ पट्टी, पाद्र्याची टोपी, म्हातारीचा उतार. सामुदायिक शेतीसाठी बांध नांगरून टाकले आणि सगळ्याचे मिळून 'गट दोन' झाले. ही नावे जाणणारा आता मी एकटाच उरलो, याचे फार वाईट वाटते.

३. घर, पुस्तके आणि मागची आलुबुखाराची झाडे इरेना हिला. मला मूलबाळ नाही. इरेना ही घर क्रमांक सतरामधल्या व्लास्ता ह्रोमाद्कोवाची मुलगी. व्लास्ताशी माझे लग्न ठरल्यात जमा होते.

फेब्रुवारी १९५३ मध्ये व्लास्ताच्या वडिलांनी सामुदायिक शेतीला जमीन द्यायला नकार दिला. त्यांना तुरुंगात नेले आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना ट्रकमध्ये बसवून सीमेकडच्या सरकारी शेतावर धाडले. सोबत दोन गाद्या आणि शिवणयंत्र. मी शाळेच्या खिडकीतून पाहत होतो. त्या आठवड्यात मी बखरीत लिहिले: "ह्रोमाद्का कुटुंब स्वखुशीने गाव सोडून गेले." असे लिही म्हणून मला कुणीही सांगितले नव्हते. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो आणि कुणी विचारायच्या आधीच लिहून मोकळा झालो.

राजवट बदलल्यावर, १९९२ साली, व्लास्ता घर परत मागायला आली. कचेरीत तिच्यापुढे माझीच ओळ ठेवली गेली: स्वखुशीने गेलेल्यांना घर परत मिळत नाही. ती माझ्या दारात आली, पण आत आली नाही.

"बोहुश, मला घर नको. एवढं एक वाक्य खरं लिही."

"बखरीत खाडाखोड चालत नाही, व्लास्ता. नियम आहे."

"खाडाखोड नको. खाली नवीन ओळ लिही. तेवढी तर चालते ना?"

चालते. मी म्हणालो, बघू. ती २००९ साली शहरात भाड्याच्या खोलीत वारली. तोवर मी बघतच होतो.

४. आमच्याकडे कुणी वारले की गावच्या कर्ण्यावरून आधी वाद्ये वाजतात, मग नाव पुकारतात. माझ्या वेळी वाद्ये नकोत, नावही नको. सरपंचांनी कलम तीन दोन्ही टोकांना ऐकू जाईल असे वाचावे आणि ते बखरीत उतरवावे.

ओल्शोव्का, १४ सप्टेंबर २०१४.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी दिला असता यिंद्रिख यांनी उभ्याउभ्या वाचला आणि पेन माझ्याच खिशात खोचले.

"मास्तर, मेल्यावर कोणीही शूर होतो. शनिवारी कर्ण्यावर स्वतः वाचा. नाहीतर सही करायला दुसरा गाढव शोधा."

"शिडी परत मागेन हं."

"घेऊन जा! मागच्या परड्यात आहे."

आज शनिवारी दुपारी बारा वाजता मी कलम तीन वाचले. तिच्या नावापाशी आवाज गेला. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग बखरीत नवीन ओळ लिहून खाली तारीख घातली. बाहेर आलो तर वरच्या टोकाची, खालच्या टोकाची माणसे तळ्यापाशी उभी होती. मला वाटले, आता थुंकतील. कुणी थुंकले नाही. यिंद्रिख यांनी माझा दंड धरला.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारले.

"सगळ्या गावाला ठाऊक होतं, मास्तर. आम्हाला त्यात नवीन काहीच नव्हतं. ऐकायचं होतं ते तिला."

कलम चार रद्द. माझ्या वेळी हवी ती वाद्ये वाजवा.

बोहुस्लाव पेखाचेक (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
यिंद्रिख स्काला, घर क्रमांक ३२
लुड्मिला कोपेच्कोवा, सरपंच

ओल्शोव्का, २० सप्टेंबर २०१४