तुझ्या नावाचा हळदी हॉल

प्रिय ताई,

'शिऱ्या, माणसासारखं बोल' असे तू वरूनही म्हणशील, हे गृहीत धरूनच लिहितो. आजचा प्रसंग साध्या मराठीत मावणारा नाही. आपल्या जुईनगरच्या सोसायटीने आज सकाळी तळमजल्यावरच्या तुझ्या वर्गाच्या खोलीला समारंभपूर्वक तुझे नाव दिले आणि त्याच शुभमुहूर्तावर तुझा वर्ग तेथून बाहेर काढला. तू जाऊन वर्षही झालेले नाही. इतका त्वरित सन्मान आपल्या कुळात कोणाच्याही वाट्याला आलेला नाही. अभिनंदन!

खोलीचे आता 'स्मृती सभागृह' झाले आहे. बारसे, साखरपुडा, हळद यांसाठी उपलब्ध. म्हणजे डीजे आलाच. ज्या खोलीत टाळी वाजवणे निषिद्ध होते, आनंद झाला की आम्ही थोरामोठ्यांनीही नुसते हात हवेत हलवायचे, त्या खोलीत यापुढे तुझ्या तसबिरीखाली नवरदेवाचे मामा नाचतील.

आठवते, माझ्या सईच्या स्वमग्नतेचे निदान होण्यापूर्वीचे दिवस? ती बोलत नाही म्हणून आम्ही कासावीस, आणि आप्तेष्ट म्हणत, "बापानंच तिच्या वाटचंही बोलून संपवलंय, ती तरी काय बोलणार!" तू मात्र आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर दुपारभर बसून तिला नुसते पाहत राहिलीस. मी उपरोधाने विचारले, "हेच का ते आपले सुप्रसिद्ध संशोधन?"

"हेच. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती कान झाकते, बघितलंस? तिला आधी कळतं रे. आता तुम्ही दोघं शिका."

जुईनगरपासून तळवलीपर्यंत किती स्वयंपाकघरांत अशी बसलीस तू! मुलाला शिकवण्याआधी घराला शिकवायचे, आणि तेही ते चिमुकले असतानाच, हा तुझा सिद्धान्त. बापांना तू वर्गात सक्तीने बसवायचीस. आयांना मात्र बाहेर चहा, आणि चहा संपेपर्यंत मुलांचा विषय वर्ज्य! पहिल्या दिवशी त्या बिचाऱ्यांना दुसरा विषयच सुचेना. पुढे हसण्याचा आवाज आत येऊ लागला, तेव्हा तू दार किंचित लोटून घेतलेस.

पण ताई, एक विचारू? ती खोली निव्वळ शब्दावर का घेतलीस? शब्द देणारे अध्यक्ष फ्लॅट विकून पुण्याला गेले. जाताना सामानासोबत शब्दही नेला असावा. इतरांच्या घरात काय बिनसले आहे, हे तुला क्षणात दिसे. सोसायटीची कमिटी तेवढी दिसली नाही?

आता आजचे ऐक. तुझ्या गौरवार्थ वरातीत वाजवणारी बेंजो पार्टी आणली होती. होय, त्या खोलीत, त्या मुलांसमोर! पहिल्याच ठोक्याला सई टेबलाखाली शिरली. तळवलीच्या मंदाची आर्या भिंतीवर डोके आपटू लागली. मी धावत जाऊन वाद्ये थांबवली, तर सेक्रेटरी दळवी अत्यंत व्यथित.

"सर, ताईंच्याच सन्मानासाठी केलं ना आपण? बघा, या पोरांना कशाचं काही कळत नाही. उगाच टेन्शन."

"आणि वर्गाचे काय, दळवी?"

"बघू की! पण पोरं ओरडतात, वरच्या मजल्यावरून कंप्लेंट येतात. नाव लागलंय ताईंचं, अजून काय पाहिजे तुम्हाला?"

मी एक समासप्रचुर उत्तर जुळवत होतो, तोवर मंदा आर्याला कवेत घट्ट धरून म्हणाली, "नाव काय करू मी, दळवीसाहेब? माझे पोरीला बसाला जागा नाय. मीच हाय ना तिची, दुसरा कोन हाय? ताई होती, ती बी गेली."

यावर कोणीतरी पेढे वाटायला सुरुवात केली.

बापांपैकी दोघे म्हणाले, आता मुलांना घरीच ठेवू. हेच मला सर्वाधिक झोंबले. दार लावून घरी ठेवलेली मुलेच तर तू एकेक करून बाहेर आणली होतीस!

म्हणून हे माझे प्रतिज्ञापत्र. सोमवारपासून वर्ग माझ्या हॉलमध्ये भरेल. सोफा जिन्यात ठेवला आहे. त्याचीही कंप्लेंट येईल, येऊ दे. त्या दोन बापांना मी स्वतः घरून घेऊन येईन, आणि बायका चहा घेत असतील तोवर तोंड उघडणार नाही. आणि उद्या सकाळी, तुझा सख्खा भाऊ या एकमेव अधिकाराने, त्या दारावरून तुझे नाव मी उतरवणार आहे. मुले त्या खोलीत परत बसतील त्या दिवशी पुन्हा लावू. तोवर, ताई, तू बिननावाची राहा.

तुझा,
शिऱ्या