गुरुवारच्या विमानातली जागा

अप्पा, गुरुवारच्या विमानात मला जागा मिळाली होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, नाहीतर सवयीप्रमाणं इकडचं तिकडचं बोलत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. तुम्हाला जाऊन पाच वर्षं उलटली. या पाच वर्षांत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही.

महामारीचं ते पहिलं वर्ष. मी मस्कतला, एसी दुरुस्तीच्या कंपनीत. विमानं बंद होती, मग सरकारनं अडकलेल्यांसाठी थोडी सोडली, पण त्यात बसायचं तर आधी एम्बसीचा फॉर्म भरायचा, यादीत नाव यायला हवं, आणि बेंगळुरात उतरल्यावर सात दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं. घरात कुणी फार आजारी असेल तर मात्र सवलत होती. दवाखान्याचा कागद दाखवला की हॉटेल चुकायचं, तपासणी करून थेट घरी जाता यायचं. तुमच्या किडन्यांनी हात टेकले होते. तुमच्या लेकीनं, अक्कानं, त्या कागदासाठी काय नाही केलं! बस नाही, रिक्षा नाही, जुन्या हुबळीतून दवाखान्यापर्यंत चालत गेली, वाटेत पोलिसानं अडवलं तर त्याच्याशी कन्नडमध्ये भांडली, तीन तास उभी राहिली आणि डॉक्टरची सही घेऊन आली. कागदाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता तरी ये रे.’

मंगळवारी सकाळी एम्बसीतून फोन आला. बाई नीट समजावून बोलत होती. कागद मंजूर आहे, गुरुवारची जागा आहे, संध्याकाळपर्यंत हो म्हणा. मी हो म्हणणारच होतो, खरंच. पण दुपारी मॅनेजरनं सगळ्यांना उभं करून सांगितलं की जो जाईल त्याला परत कधी येता येईल याची हमी नाही, आणि सुपरवायझरची जागा रिकामी आहे ती जो इथं आहे त्यालाच मिळेल. संध्याकाळी त्या बाईंचा पुन्हा फोन आला, तेव्हा म्हणालो, ‘मॅडम, माझं नाव काढा.’ तिनं विचारलं, वडील बरे आहेत का? मी म्हणालो, हो, बरे आहेत.

मग तुम्हाला फोन लावला. तुम्ही खाटेवर होता, अक्कानं फोन तुमच्या तोंडासमोर धरला होता. मी म्हणालो, ‘अप्पा, सरकारनं सगळं बंद करून ठेवलंय, काही चालत नाही.’ तुम्हाला धाप लागत होती तरी तुम्ही म्हणालात, ‘असू दे रं. नियम हाय तर पाळायचा. जीव सांभाळ.’ आणि शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांना वळून सांगितलंत, ‘माझा पोरगा नियम मोडणाऱ्यातला नव्हं.’ ते मला ऐकू आलं. तेव्हाही वेळ होती, अप्पा. बाईंचा नंबर फोनमध्ये होता. मी जेवायला गेलो.

रविवारी तुम्ही गेलात. गुरुवारी निघालो असतो तर दोन दिवस तुमच्या उशाशी बसलो असतो.

तुमच्या पुण्यानुमोदनाला नियमाप्रमाणं वीसच माणसं. विहारात त्रिशरण-पंचशील नेहमी तुम्ही म्हणायचा, वर्कशॉपात मशिनींच्या खडखडाटावर ओरडून ओरडून कमावलेल्या त्या आवाजात. आता मुलानं म्हणावं असं सगळ्यांचं ठरलं. तुमच्या फोटोसमोर स्टीलच्या पेल्याला टेकवून फोन ठेवला आणि मी मस्कतमधल्या खोलीतून सुरुवात केली. मी म्हणायचं, त्यांनी मागून म्हणायचं. तीन शीलं झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझी दातखीळच बसली. तिकडं वीस माणसं हात जोडून थांबलेली दिसतायत, अक्का डोळे मिटून बसलीय. मी फोन बंद केला. नंतर अक्का म्हणाली, ‘ऐन वेळी नेटवर्क गेलं बघ. मग मीच म्हटलं फुडचं.’ मी म्हणालो, हो, इथलं नेटवर्क फार वाईट आहे.

मला पाचवीतली गोष्ट आठवते. ताप आला होता अशी मास्तरांना थाप मारली होती आणि खरं तर मी तळ्यावर गेलो होतो. तुम्ही मारलं नाहीत. सायकलवर बसवून मास्तरांच्या घरी नेलंत. वाटेत एवढंच म्हणालात, ‘तू खोटं बोललास, ते पोरं बोलत्यात. पण त्या माणसानं ते खरं मानलं न्हवं का, त्याची लाज वाटू दे.’ मला त्या वयात ते कळलं नव्हतं. आता चांगलं कळतंय, कारण अक्कानं माझं खरं मानलंय.

त्या वेळी तिनं खोदून खोदून विचारलं होतं, कागद देऊनही का नाही झालं? मला काही सुचेना, म्हणालो, ‘कागदात काहीतरी कमी पडलं म्हणे.’ झालं! तिनं तो कागद काढला, उलटसुलट करून पाहिला आणि तिला दिसलं की सही आहे, पण दवाखान्याचा गोल शिक्का नाही. तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की ‘शिक्का राहिला म्हणून माझ्या भावाला अप्पांचं तोंड बघता आलं नाही.’ पाच वर्षं हे चाललंय! रेशनचा कागद असो की पोराचा शाळेचा दाखला, ती खिडकीवरून हलत नाही, ‘सील हाकरी’ म्हणून कारकुनाच्या मागे लागते, शिक्का मारून घेते, फुंकर घालून वाळवते. लोक हसतात. आता मी सुट्टीवर घरी आलोय. काल विहारात कुणीतरी विषय काढला, तर सगळ्यांदेखत म्हणाली, ‘चूक माझीच. मी बघून घ्यायला पायजे होतं.’ मी शेजारीच बसलो होतो. काकू म्हणाल्या, ‘होगली बिड गं, त्यात तुझा काय दोष,’ आणि माझ्याकडं पाहिलं, की मीही काहीतरी म्हणावं. मी म्हणालो, ‘हो अक्का, जाऊ दे.’ मी तिला माफ केलं, अप्पा! काय नालायक माणूस आहे मी.

सुपरवायझर आहे अजून. परवा परत निघायचं. त्याआधी तिला सांगायचं असं ठरवून आलो होतो. चार दिवस झाले, रोज सकाळी चहाला तिच्यासमोर बसतो, तोंड उघडतो आणि साखर मागतो. भीती वाटते. ती चिडेल याची नाही. ती आधी आपल्याच अंगावरचं ओझं उतरल्यासारखी गप्प बसेल, आणि मग माझ्याकडं बघेल, त्या बघण्याची.

खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहितोय, कारण तुम्ही काही बोलू शकत नाही.

आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, एवढं काय लिहितोयस सकाळपासून? म्हणालो, ऑफिसचं काम आहे. ‘बरं बरं, कर,’ म्हणाली, आणि मला त्रास नको म्हणून जाता जाता टीव्ही बारीक केला.