नकाशातली तुटक रेष

१८ ऑगस्ट
कुलूप! दफनभूमीच्या पायवाटेवर लोखंडी फाटक, आणि त्याला कुलूप. नऊ वर्षं दर रविवारी उपासनेनंतर ह्या वाटेनं ह्यांच्या कबरीवर जातेय. मधली जमीन मुंबईच्या कोणीतरी घेतली. फार्महाऊस होणार म्हणे. वॉचमन मारुती ओळखीचाच. म्हणाला, "मावशी, माज्यावर कशाला चिडताय? मालक म्हनले, कुनाला सोडायचं न्हाई."
शेवंतीची फुलं तशीच घरी आणली. रडू नाही आलं. राग आला.

२१ ऑगस्ट
चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना करा बाई. सरकारी माणसांना आपल्या मेलेल्यांचं काय?"
घरी येऊन पवित्र शास्त्र, आपलं बायबल, उघडलं. शाळा माझी दुसरीपर्यंत. वाचायला शिकले ते ह्याच पुस्तकावर, लग्नानंतर, बोट ठेवून ठेवून. त्यातलं नहेम्याचं पुस्तक काढलं. नहेम्या म्हणजे परक्या राजाचा प्यालेबरदार, त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा. तोंड उतरलेलं बघून राजानं विचारलं, काय झालं? आणि ह्यानं काय सांगावं – माझ्या वाडवडिलांच्या कबरी आहेत ते गाव ओसाड पडलंय. कबरी!! इतक्यांदा वाचलं, पण हे कधी दिसलंच नव्हतं. आणि तो राजा, आपल्या देवाला न ओळखणारा, ते गाव पुन्हा बांधायला पत्रं देतो, लाकूड देतो, घोडेस्वार देतो.
प्रार्थना नहेम्यानंही केली. पण मग बोलला राजाशीच.

२ सप्टेंबर
वडगावला तहसील कचेरीत गेले. अर्ज स्वतः लिहिला होता. कारकुनानं मोठ्यानं वाचला – "महाराज चिरायू असोत. आपल्या दासीवर कृपादृष्टी झाली असेल तर..." टेबलंच्या टेबलं हसली. "मावशी, तहसीलदार बाई आहेत. महाराज कुठून आणले?"
कान तापले. मला दुसरी कुठली भाषा येते? शास्त्रात राजाशी असंच बोलतात. पण त्यानंच मग कोरा कागद घेऊन अर्ज नीट लिहून दिला. चहासुद्धा पाजला!

१९ सप्टेंबर
मालकाला नोटीस गेली. थांबायचं. ह्यांच्याशी मनातल्या मनात बोलते, पण तिथं बसून बोलण्यासारखं होत नाही.

८ ऑक्टोबर
जागेची पाहणी झाली. तहसीलदार मॅडम स्वतः आल्या. पस्तिशीच्या असतील. मालकाचा वकील म्हणाला, इथे वाट कधी नव्हतीच.
मॅडमनी गावनकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला. जुना, इंग्रजांच्या वेळचा. त्यावर एक तुटक रेष – ओढ्यापासून थेट दफनभूमीपर्यंत. पायवाट अशी दाखवतात म्हणे.
"ही कुणी काढली?" मी विचारलं.
"असेल कोणीतरी मोजणीदार, मावशी. शंभर वर्षांपूर्वीचा."
अंगावर काटा आला. कोण कुठला माणूस, मोजणीची साखळी ओढत उन्हात फिरला. पगाराचं काम म्हणून रेष मारली. तेव्हा माझी आईसुद्धा जन्मली नव्हती! शास्त्रात कोरेश म्हणून एक परका राजा आहे, देवाच्या लोकांना बंदिवासातून सोडणारा. त्याचं नाव देवानं तो जन्मायच्या कितीतरी आधी घेतलं – तू मला ओळखत नसलास तरी, म्हणाला. हे नुसतं वाचलं होतं. आज पाहिलं.
मॅडमना म्हणाले, तुम्हाला देवानं पाठवलं. हसल्या. "मला शासनानं पाठवलंय. आणि देवबिव मी मानत नाही, मावशी."
"त्याला चालतं," म्हणाले मी.

२५ ऑक्टोबर
आदेश आला. वाट मोकळी करा! पाना घेऊन मारुतीनंच फाटक उतरवलं. "लय चिवट हाय तुमी मावशी."

२७ ऑक्टोबर
आज गेले. माझ्याआधी कोणीतरी पोचलेलं. स्टेशनजवळ अंडी विकणारी मेहमुदा. आमच्या दफनभूमीच्या भिंतीमागे मुसलमानांच्या पाच-सात कबरी आहेत, त्यातल्या एका छोट्या कबरीपाशी बसली होती. "पोरगी माजी. दोन वर्सांची व्हती."
"मग अर्ज का नाही केलास?"
"मला लिवता कुटं येतंय? रोज नमाजानंतर मागत व्हते – अल्ला, कुनाच्या तरी हातनं वाट उघड."
कुनाच्या तरी हातनं.
दोन महिने मी स्वतःला नहेम्या समजत होते. मी तर तो कोरेश राजा – देव आपल्या हातनं कुणाचं काम करून घेतोय हे ज्याला ठाऊकच नसतं!