अकरा अनोळखी फॉलोअर

सोमवार, ३ फेब्रुवारी

आधी दुरुस्ती. शनिवारी इथे लिहिलं होतं की कोपनहेगनच्या पत्राबद्दल बाबांना सांगायला वेळच मिळाला नाही. चूक. धुक्यामुळे बेटावर येणारं हेलिकॉप्टर आलं नाही आणि त्याची वाट बघत आम्ही दोघं चार तास समोरासमोर बसून होतो. वेळ होता. मी मेंढ्यांच्या खुरांवर बोलले.

(चूक झाली की तारीख घालून दुरुस्त करायची. बाबांचा नियम.)

हवामानशास्त्राच्या वर्गात जागा मिळाली आहे. उत्तर २८ फेब्रुवारीपर्यंत. मी गेले तर घरात बाबा एकटे, बाहेर सत्तर मेंढ्या. बेटावर दुसरं मूल नव्हतं म्हणून शाळा नव्हती, म्हणून बाबांनीच मला याच टेबलावर अक्षरं शिकवली, गणित शिकवलं, वारा ओळखायला शिकवलं. अशा माणसाला ‘जाते’ कसं म्हणायचं?

उपाय सापडला! एक नवं ॲप आलंय. फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत, फक्त अक्षरं. तिथे अनोळखी लोकांसमोर बोलायचा सराव करायचा. दोन आठवड्यांत मी धीट.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाव ठरवायला तीन तास. खरं नाव ‘रानवा’ घातलं तर सगळे ओळखतील. शेवटी ‘धुक्यातली मुलगी’.

प्रोफाइल: ‘एका बेटावर राहते. चौदा माणसं, एक चर्च. वडील मेंढ्या पाळतात.’ ओळखणं अशक्य. जगात बेटं काय कमी आहेत?

ॲपने विचारलं, फोनमधल्या ओळखीच्या लोकांना कळवू का? प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत बटण दाबलं गेलं. बहुधा ‘नको’चंच.

बुधवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ९

पहिली पोस्ट गेली! सात ड्राफ्टनंतर. ‘आज वारा पश्चिमेचा आहे.’

११.४०. चार फॉलोअर! कॉफी सांडली. एकाचं नाव ‘निळा ट्रॅक्टर’. फ्रान्सचा शेतकरी असावा. एक ‘पाचवी सुई’. आणि एक ‘जुना दगड’. त्याने लिहिलंय, ‘पश्चिमेचा नाही. नैऋत्येचा. सकाळी सातपासून.’

बाहेर जाऊन पाहिलं. नैऋत्येचा.

इतक्या दुरून कळलं! जर्मन प्राध्यापक असणार. मी लगेच दुरुस्तीची पोस्ट टाकली, तारखेसह. त्यांनी हृदय पाठवलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

अकरा! अकरा अनोळखी माणसं माझं वाचतात! स्वयंपाकघरात एकटीच नाचले. बाबा आत आले आणि काय झालं म्हणाले. मी म्हटलं, पायात गोळा आला. मग मीठ खात जा, म्हणाले, आणि टॅब्लेट घेऊन बसले. ते त्यावर फक्त बोटीच्या वेळा बघतात.

जेवणानंतर धीर करून लिहिलं, ‘एका मुलीला कोपनहेगनला शिकायला जायचंय आणि वडिलांना सांगता येत नाही.’ ती मुलगी मी, असं कुठेही म्हटलं नाही. पुरेशी काळजी घेतली.

निळा ट्रॅक्टर लगेच: ‘सांगून टाक पोरी, मेंढ्यांचं आम्ही बघू.’ फ्रान्सहून येऊन! माणसं किती मोठ्या मनाची असतात.

प्राध्यापक गप्प.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

शेजारच्या बिलामावशीने फाटकाशी अडवलं. म्हणाली, कोपनहेगनची थंडी ओली असते गं, हाडात शिरते, हा स्वेटर घालून बघ. मी म्हटलं, मी कुठे चाललेय? तर म्हणे, बरं बाई, नको जाऊस, पण बाह्या पुरतात का ते सांग. ऐंशी वर्षांची आहे. भरकटते बिचारी.

धक्क्यावर हानुसकाका निळ्या ट्रॅक्टरवरून उतरले आणि विचारायला लागले, तुमच्या मेंढ्या सत्तर का एकाहत्तर? सत्तर, म्हटलं. बोटांवर काहीतरी मोजत निघून गेले.

बेटावरची माणसं विचित्र होत चालली आहेत. बरं झालं, मला बाहेरच्या जगाशी बोलता येतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्राध्यापकांना खाजगीत विचारलं. ती मुलगी मीच, हेही कबूल केलं. म्हटलं, सर, बाबांना काय वाटेल?

उत्तराला दोन तास लागले. तेवढ्यात काम करावं म्हटलं तर बाबाही जागेवर नाहीत. टॅब्लेट घेऊन शेडमध्ये बसले होते, दार लावून. बोट दिवसातून एकच असते, तिच्या वेळा किती बघायच्या?

उत्तर आलं: ‘वाईट वाटेल. पण तू त्याच्यामुळे थांबलीस तर जास्त वाटेल.’

मी रडले. जर्मनीतल्या परक्या माणसाला हे कळतं, आणि रोज समोर बसणाऱ्याला नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

१२.५० पोस्ट: ‘चर्चनंतर जेवण. आंबवलेलं मटण आणि मी उकडलेले बटाटे.’

१२.५५ जुना दगड: ‘बटाटे मी उकडले. तू सोललेस.’

१२.५६ रिप्लाय गायब.

पण मी वाचला होता.

१.३० अकराही नावं एकेक करून तपासली. पाचवी सुई. चर्चची घंटा. निळा ट्रॅक्टर. बेटावर माणसं चौदा. त्यातून मी वजा. दोघांकडे फोन नाही.

अकरा.

स्वयंपाकघरात गेले. बाबा एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत होते. मी तोंड उघडलं. त्यांनी ताट खाली ठेवलं. मी विचारलं, वारा कुठला आहे? उत्तरेचा, म्हणाले. आम्ही दोघांनी खिडकीतून पाहिलं. उत्तरेचाच होता.

सोमवार, १७ फेब्रुवारी

बाबांना माहीत आहे. त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे. पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. तोंडाने सांगायला हवं. आज खुरं कापायची आहेत, आज नको. उद्या बोटीने चारा येतोय. परवा वादळ म्हणतात.

दुपारी ‘जुना दगड’ने स्वतःची पहिली पोस्ट टाकली: ‘गुरुवारी दिवसभर घरी आहे. काही काम नाही.’ दहा जणांनी हृदय दिलं. बिलामावशीने दोनदा दाबलं असणार, कारण एक येऊन गेलं आणि परत आलं.

विचार केला. बाबांना इतक्या दिवसांनी एक दिवस मोकळा मिळतोय, त्यात त्यांना त्रास देणं बरं दिसत नाही.

शुक्रवारी सांगणार. २१ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजता.