मुर्ताचा काढा आणि माझा खर्ज

२ डिसेंबर
रिहर्सलला ऐन कडव्यात खर्ज तुटला. मग खोकला. गोलात उभे राहून माझ्यासोबत गाणारे बाकीचे तिघे तोंडाकडे बघत राहिले. आमचा म्होरक्या बाकीझिओ म्हणतो, पास्काले, जानेवारीतल्या संत अंतोनीच्या शेकोटीपर्यंत घसा सुधार, नाहीतर खर्जाला तुझा मेहुणा उभा करतो. नान्नेद्दू! तो बोलतो की चाळणीत खडे हलवल्यासारखं वाटतं. याला म्हणे गाणं.

३ डिसेंबर
डॉक्टरकडे. सिगार सोडा म्हणाला. चार बुकं शिकली की मेंढपाळाला अक्कल शिकवायला मोकळे! सोडणार नाही.
औषध माझं मीच करणार. डोंगरावर मुर्ताची झुडपं काळ्या फळांनी लगडलीत. पाल्याचा काढा गुळण्यांना, फळांचा प्यायला. घसा, हिरड्या, पोट, आमच्या आजाने सगळं त्यावरच काढलं. बोनारिया म्हणाली, माझी आईसुद्धा हेच करायची. बायकोच्या आईचं नाव निघालं की औषधाची अर्धी ताकद जाते.

९ डिसेंबर
सिगार सोडली. डॉक्टरचा काही संबंध नाही. तिच्या वासाने काढ्याची चव बिघडते.

१४ डिसेंबर
उरलेली फळं दारूत मुरवली. तेही औषधच. आज डोस जरा जास्त झाला.

२१ डिसेंबर, सकाळी
खोकला गायब! चीजच्या व्यापाऱ्याचा फोन. म्हणाला, पोरा, वडलांना दे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरगा! आवाजात जवानी आली.
रिहर्सल बंद. आवाज राखून ठेवतोय. शेकोटीलाच एकदम दणका.

३० डिसेंबर
मेंढ्या हाकेला येईनात. हाक मारली की भलतीकडेच बघतात. मूर्ख जात. नान्नेद्दूने ओरडून गोळा केल्या. मूर्ख मूर्खाला ओळखतो.

१२ जानेवारी
बोनारिया म्हणते, एकदा तरी गाऊन बघ. खर्जातलं बायकांना काय कळतं?

१७ जानेवारी
काल शेकोटी. अख्खा गाव जमलेला. बाकीझिओने सुरुवात केली. मी हात कानाला लावला, छाती भरली आणि खर्ज लावला.
कोकरू ओरडलं.
पुन्हा लावला. पुन्हा कोकरू. पोरं खिदळली. बाकीझिओने माझ्याकडे न बघता नान्नेद्दूला हाक मारली. तो तोंडातली सिगार फेकून माझ्या जागेवर उभा राहिला. जमीन हादरली. लोक रडले. मीही रडलो, पण धूर होता.
घरी बोनारिया म्हणाली, लग्नाआधी खिडकीखाली गायचास तेव्हा हाच आवाज होता, मला फार आवडायचा. एवढी वर्षं बोलली का नाही? मी जेवलो नाही.

१८ जानेवारी
डॉक्टरकडे. घशात बॅटरी मारून बघितलं. खूश! असा स्वच्छ घसा गावात दुसरा नाही म्हणाला. काढा कसा करता, विचारत होता. सांगितलं नाही.
सिगार पुन्हा सुरू केली तर खर्ज किती दिवसांत येईल, विचारलं.
म्हणाला, मागच्या वेळी तीस वर्षं लागली होती.