गजरातली तुमची ताई

नवापूर, मंगळवार

चि. प्रतापराव यांस भावोजींचे भरभरून आशीर्वाद.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडा झाला, तरी अक्षर अजून अंधुक दिसतं असं कळलं, म्हणून मुद्दाम ठसठशीत लिहितो आहे. सावकाश वाचा आणि एकट्यानेच वाचा. फोनवर बोललो असतो, पण तुमच्या घरी फोन आला की स्पीकरवर टाकतात, आणि गुडघ्याच्या व्यायामासाठी तुमच्याकडे राहिलेली तुमची ताई दोन खोल्या पलीकडून सगळं ऐकते. बाकी मी मजेत. भात स्वतः शिजवतो (तळाचा करपतो, पण तो कुत्र्याला आवडतो, त्यामुळे घरात कोणाचीच तक्रार नाही).

आता मुद्द्यावर येतो. आपल्या वाडीतल्या विहिरीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. समुद्र हाकेवर असल्यामुळे चाळीस मिनिटं मोटर चालवली तर पाणी गोड, त्यापुढे ओढलं की खारं. पानवेलींना खारं पाणी गेलं की त्या माना टाकतात. आणि यंदाच्या वेली तुमच्या ताईने स्वतः उकिडवं बसून लावलेल्या. गुडघा त्यांच्यापायीच गेला म्हणा ना. मी जेवून एक वाजता मोटर लावतो आणि बाजेवर जरा पाठ टेकतो. इतकी वर्षं मोटर बंद करायची आठवण स्वयंपाकघराच्या दारातून व्हायची. ती बोईसरला गेल्यावर मी मोबाईलवर गजर लावला. पण त्या गजराची धून अशी मुलायम, की अर्धवट झोप असली तर पुरी लागावी.

म्हणून मला युक्ती सुचली. गेल्या वर्षी मी शेजारी पत्ते खेळत असताना तुमच्या ताईने मोबाईलवर आवाजाचा निरोप पाठवला होता, 'अहो, मोटर बंद करा, किती वेळ झाला.' तोच गजराला लावायचा. पण मोबाईल सात वर्षांचा, मागचं झाकण रबरबँडने धरलेलं. धुनांच्या यादीत ताईचा पत्ताच नाही. दोन दिवस बटणं दाबून माझं मीच शोधलं (कोणाला विचारलं नाही, हे ध्यानात घ्या) की आवाज गजरांच्या खणात हलवावा लागतो. हलवला, दिसला, लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मुलायम धून. कारण मी तो मेमरी कार्डावरच्या खणात ठेवला होता, आणि झाकण सैल झालं की कार्ड सुटतं आणि कार्डाबरोबर ताईही जाते. मग तिला फोनच्या पोटात हलवलं. तरी आवाज मुंगीचा. गाण्यांचा आवाज पुरा चढवलेला, पण गजराच्या आवाजाची पट्टी वेगळीच असते आणि ती तळाला होती. तीही चढवली. चौथ्या दिवशी एक चाळीसला तुमची ताई अशी कडाडली, की अंगणातली कोंबडी उडाली.

आणि मी, प्रतापराव, बाजेवरून 'हो, करतो' म्हणालो आणि कूस बदलली.

यात माझा दोष किती ते तुम्हीच ठरवा. इतकी वर्षं मी 'हो, करतो' म्हणायचो आणि मोटर तीच जाऊन बंद करायची, हे मला त्या दिवशी कळलं. तीनच्या सुमारास आमच्याकडे कामाला येणारी बायडी पाटाचं पाणी तोंडात घेऊन थुंकत आली. म्हणाली, "दादा, पानी मिठासारखं लागतंय. मोटर कवापासून चालू हाय? वयनी असती तर असं झालं नसतं." शेवटचं वाक्य तिने कारण नसताना जोडलं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी नळाचं गोड पाणी हंड्यांनी वाहून वाफे धुतले. कडेच्या ओळीची पानं पिवळी पडली, बाकीच्या वेली तरल्या. माझी कंबर मात्र ताईच्या गुडघ्याला सोबत करू लागली आहे.

सोबत पानांची करंडी पाठवतो आहे. पानं मधल्या ओळीची आहेत. कळावे, लोभ आहेच, तो तसाच ठेवा.

तुमचे भावोजी,
मोरेश्वर

ता. क. - करंडी घेऊन बायडीच येते आहे. तिला चहा द्या, पण वाडीबद्दल काही विचारू नका.

ता. क. दुसरा - खरं काम हे. ज्या हाकेला 'हो, करतो' म्हणायची मला सवय नाही, अशी हाक हवी. ताईने लग्नात उखाण्यात माझं नाव घेतलं, त्यानंतर एकदाही नाही. 'अहो'वरच संसार झाला. तिच्याकडून नुसतं 'मोरेश्वर, ऊठ' एवढं मोबाईलमध्ये भरून पाठवा. मी बाजेवरून थेट विहिरीपाशीच उतरेन.

ता. क. तिसरा - सुलू, प्रतापरावांना अजून वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. वेलींची ओळ एकच गेली. गुडघा बरा झाल्याशिवाय येऊ नकोस. नाव मात्र आजच पाठव.