माशाच्या पोटातला डाग

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकूस काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

दगडात सापडलेला मासा आज पार्सलने तुझ्या संग्रहालयाच्या पत्त्यावर रवाना केला. लांबी अठरा सेंटिमीटर, मणके एकेचाळीस. मी तीनदा मोजलेत. तुझ्या साहेबांनी एकदा तरी मोजावेत.

जिन्यासाठी फरशी फोडत होतो. छन्नी थरात बसली आणि चुनखडी वहीच्या पानांसारखी दुभंगली. एका पानावर सगळी हाडं, दुसऱ्यावर नुसता उलटा ठसा. हाडांचं पान पाठवलंय. ठसा तुझ्या काकूने रद्दीवर वजन म्हणून ठेवलाय. तिला दगडाचा तेवढाच उपयोग कळतो.

पोटापाशी तपकिरी डाग होता. सुईने खरवडून, बारीक पॉलिश कागदाने घासून तो घालवला. सहा रविवार गेले. पंचवीस वर्षं फरशा घासतोय. डाग ठेवून माल देणं माझ्याच्याने होत नाही.

तुम्ही ठेवून घेतलात तर पाटीवर शोधणाऱ्याचं नाव येतं ना? पदवी नाही म्हणून वगळू नका म्हणावं. पुस्तकं मीही वाचलीत, तीही विकत घेऊन.

साहेबांना नमस्कार, तुला आशीर्वाद. दगड जपून उचल.

तुझा काका

दि. ११ फेब्रुवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

मासा सुखरूप पोचला. मणके एकेचाळीसच. साहेबांनी मोजले, मग मी. तुमच्यापुढे आमचं काय चालणार!

आता वाईट बातमी. रागवा, पण पत्र फाडू नका. तो डाग मळ नव्हता. मासा मेला आणि तळ्याच्या तळाशी बसला. तिथल्या पाण्यात प्राणवायू नव्हता, त्यामुळे त्याला खायला किंवा कुजवायला फारसं कोणी नव्हतं. वरून बारीक गाळ साचत गेला, गाळाचा दगड झाला, हाडांत खनिजं मुरली. मऊ भागाचं उरलं ते एक पातळ तपकिरी पुट. म्हणजे तुम्ही घासलंत ते त्याचं पोट, बहुधा शेवटच्या जेवणासकट. हाडांवरून मासा कोणता ते कळतं; तो कशावर जगला ते पोट सांगतं.

या जातीचे नऊ मासे आमच्याकडे आहेत, पण पोट एकाचंही टिकलेलं नाही. म्हणून संग्रहालयाच्या समितीने पोट नसलेला हा दहावा नको म्हटलं. महिनाअखेर परत येईल.

ठसा अजून रद्दीवर आहे ना? थर फुटला की डाग कधीकधी दोन्ही पानांवर वाटला जातो. तो पुसूसुद्धा नका. काकूने धुतला तर नाही ना, तेवढं विचारा.

राग ओसरला की लिहा. माया होती तेवढी असू द्या.

तुमची ठकू

दि. १६ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही. सहा रविवार मी त्याचं जेवण खरवडत होतो.

ठसा रद्दीवर पालथा होता. धुतलास का म्हणून विचारलं, तर काकू म्हणाली, तुमच्या दगडाला हात लावला की तासभर व्याख्यान ऐकावं लागतं, म्हणून फडकंसुद्धा लावलं नाही. माझ्या व्याख्यानांचा या घराला झालेला हा पहिला फायदा, असंही तिने ऐकवलं.

पोटाच्या जागी डाग आहे. भिंगातून त्यात काटे दिसतात. मी सात मोजले. हात सारखा पॉलिश कागदाकडे जायला लागला, तेव्हा भिंग काकूच्या हातात दिलं आणि अंगणात फेऱ्या मारल्या. ठसा कापसात तिनेच गुंडाळला, पार्सल आजच तुझ्याकडे धाडलंय. मी गाठसुद्धा मारलेली नाही.

हाडांचं पान परत धाडायची घाई करू नका, ही विनंती.

काका

दि. २ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

समितीने दोन्ही पानं ठेवून घेतली! डागात माशाच्या एका पिल्लाचा कणा आहे. ही जात शेवाळ खात असावी असं आम्ही नऊ मासे बघून धरून चाललो होतो. ती मासे खायची. काटे मात्र आठ आहेत, काका.

पाटी पंधरा दिवसांनी छापायची आहे. शोध, आणि पुढे तुमचं नाव. बदल असल्यास कळवा. काकूला नमस्कार, तुमचा लोभ माझ्यावर आहेच.

तुमची ठकू

दि. ६ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

आठ तर आठ. माझं भिंग जुनं आहे.

बदल आहे. शोध माझा, ती ओळ राहू दे. तिच्याखाली तेवढ्याच अक्षरात दुसरी ओळ घाल: जतन, आणि तुझ्या काकूचं नाव. तिला सांगितलं तर हसायलाच लागली, म्हणाली मी तर काहीच केलं नाही. मी म्हटलं, तेवढंच मला जमलं नाही.

तुझा काका